बहुरूप्याची छबी

या, इकडे सरकून बसा. दारात काय उभे राहिलात वसुलीला आल्यासारखे? आणि तो टीव्ही बंद करा आधी. त्या चौकटीतल्या माणसांची सोंगं रोज पाहता, आणि म्हातारी काही सांगायला बसली की तुम्हाला जांभया येतात. आमच्या गल्लीत एक पोर होती, ती एकटी तुमच्या त्या सगळ्या टीव्हीला पुरून उरली असती. छबी तिचं नाव. बहुरूप्याची छबी. मी काही शाळेत शिकून लिहायला लागलेली बाई नाही, बोलते तशी लिहिते, तेव्हा मध्येच गाडी कुठे वळली तर सांभाळून घ्या.

आमचं पिंपळनेर. आमची शेती होती आणि मी घरी ब्लाऊज शिवायची. माझ्या घराला लागून गोदाअक्काचं घर. तिचा नवरा नाना रस्त्याच्या कामावर गँगमध्ये होता. उंच, अबोल माणूस. त्यांच्या घरी बुद्धवंदना व्हायची, संध्याकाळी अगरबत्तीचा वास माझ्या मशीनपर्यंत यायचा. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. गोदाअक्काचं बाळ जन्मून चार दिवसांत गेलं होतं. त्याच आठवड्यात नदीकाठी बहुरूप्यांची पालं पडली होती, आणि त्यातली एक बाई काविळीने गेली. तिच्या मागे दूध पिणारी पोर. पोर रडून रडून निळी झालेली. तिचा बाप तुळशीराम तिला घेऊन गल्लीत दारोदार फिरत होता, आणि बायका म्हणत होत्या, अरे हे आज कोणतं सोंग? कोणाला खरंच वाटेना. बहुरूप्याचं हेच वाईट. तो खरा रडला तरी लोक टाळ्या वाजवतात.

गोदाअक्का मात्र उठली, पोर त्याच्या हातातून ओढून घेतली आणि आत जाऊन पाजायला बसली.

गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "अवं गोदे, कोनी शे, काय जातनी शे, इचारशी का नही?"

आतून गोदाअक्का म्हणाली, "भुकेली शे. अजून काय इचारू?"

पालं उठायची वेळ आली तेव्हा पोर गोदाअक्काला अशी चिकटली होती की सोडवता येईना. तुळशीराम हात जोडून उभा राहिला. पोर ठेवतो म्हणाला, पण वर्षातून एकदा पाहू द्या. गोदाअक्काने फार विचार केला. मग तिने त्याला एक अट घातली. "ये. पण बाप म्हणून येऊ नको. पोर दोन घरांत फाटी जाई. सोंग घेऊन ये, गल्लीतल्या बठ्ठ्या, साऱ्या पोरांसारखं तिलेबी दाखव, आणि जा."

तुळशीरामने ती अट पाळली, आणि ती कशी पाळली हे कळायला तुम्हाला बहुरूप्याची रीत माहीत पाहिजे. बहुरूपी गावात आला की काही दिवस राहतो. रोज नवं सोंग. एक दिवस फौजदार, एक दिवस नर्सबाई, एक दिवस उधारी मागणारा शेठ. सोंग घेतलं की अंघोळ करेपर्यंत उतरवायचं नाही. मध्ये कुत्रं चावलं तरी फौजदाराच्याच आवाजात ओरडायचं. आणि शेवटच्या दिवशी तोंड धुऊन, साध्या कपड्यांत, आपल्या खऱ्या रूपाने प्रत्येक दारात यायचं. सांगायचं, फौजदार मीच होतो, नर्स मीच होतो, आता माझी बिदागी द्या. ज्याने असं धुतलेलं तोंड दाखवलं त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा त्यांचाही नियम आणि आपलाही.

तुळशीराम दर वर्षी यायचा. फौजदार होऊन माझ्या दारात काठी आपटायचा, "या मांजरीचा परवाना दाखवा! उंदीर मारताना पंचनामा केला होता का?" आम्ही हसून लोळायचो. शेवटच्या दिवशी सगळ्या दारांत जायचा. माझ्याकडे यायचा, पलीकडे जायचा. मधलं गोदाअक्काचं दार तेवढं टाळायचा. गोदाअक्का त्या दिवशी दार लोटून आत बसायची. तिला एकच धास्ती. हा माणूस ज्या दिवशी धुतलेलं तोंड घेऊन दारात उभा राहील, त्या दिवशी आपली पोर गेली.

आता छबीचं सांगते.

ही पोर तीन वर्षांची झाली तेव्हाच आम्हाला कळलं की हिला शिकवावं लागणार नाही. तिला कोणी शिकवलंच नव्हतं. बाप वर्षातून चार दिवस लांबून दिसणार, तेवढंच. पण ती माणूस पाहायची ना, तर वरून खाली पाहायची नाही, खालून वर पाहायची. आधी पावलं, मग गुडघे, मग कंबर, सगळ्यात शेवटी तोंड. आणि वर पोहोचेपर्यंत ती तो माणूस झालेली असायची. साक्रीच्या गाडीचा एक कंडक्टर होता, नाकात बोलणारा. छबी ओट्यावर उभी राहून दोन बोटांत चिंचेची पानं धरायची आणि म्हणायची, "म्होरं सरका, म्होरं सरका, म्होरं काय वाघ बसेल शे?" एकदा खरा कंडक्टरच गल्लीतून चालला होता. तो थांबला, ऐकलं, आणि खिसा चाचपून पाहिला, आपण पंच विसरलो का म्हणून.

मला तर तिने पार बदनाम केलं. मी शिवताना तोंडात टाचण्या धरून बोलते. ही सवय मला आहे हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. एकदा मी मागच्या दारी होते आणि पुढच्या ओट्यावरून माझाच आवाज आला, "ब्हाई, त्थुझं पोट व्हाढलं, म्हाझा टेप नाही व्हाढला." गिऱ्हाईक बाई हसत होती आणि छबी तिचं माप घेत होती. मी मारायला धावले, तर ती टेप गळ्यात तसाच ठेवून माझ्यासारखीच एक पाय ओढत पळाली. मी एक पाय ओढते हेही मला त्याच दिवशी कळलं.

घरी रागावलं की घरोघरी आया म्हणतात ना, सोंगं करू नको? आमच्या गल्लीत दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. गोदाअक्काच्या घरातून मात्र कधी नाही. तिला छबीवर ओरडायचं असलं तर दुसरा शब्द शोधावा लागायचा. रागाच्या भरात "सों" पर्यंत यायची आणि गिळून म्हणायची, "सोंड्या, अभ्यास कर!" आता सोंड्या म्हणजे काय? काही नाही. पण छबीचं ते घरातलं नावच पडलं.

आणि एकदा मार खाल्ला पोरीने. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आंधळे आबा होते. त्यांची मुलगी सुरतेकडे दिलेली, तिला यायला जमायचं नाही. छबी सात-आठ वर्षांची असेल. मुलगी एकदाच येऊन गेली होती, तेवढ्यात हिने तिला टिपून घेतलेलं. तर ही रोज दुपारी शाळेतून आली की आबांच्या खाटेपाशी बसायची आणि त्या मुलीच्या आवाजात विचारायची, "आबा, जेवलात का? गोळी घेतली का?" आबा हुंकार द्यायचे, गोळी घ्यायचे. गोदाअक्काला कळलं तेव्हा ती पिसाळली. आंधळ्या माणसाला फसवतेस म्हणून दोन धपाटे घातले आणि फरफटत आबांपुढे नेलं माफी मागायला.

आबा म्हणाले, "तिले मारू नको गोदा. माले पहिल्या दिवसापासून माहीत शे."

"माहीत शे? मंग बोलना का नही?"

"मनी पोर माझ्याशी इतकं गोड कधी बोलनीच नही ना. म्हटलं, चालू दे."

गोदाअक्का आधी हसली आणि मग घरी येऊन रडली. मला म्हणाली, "ही पोर काय करी पुढे? हिच्या अंगात बठ्ठा गाव राहतो. ही कुठे राहस?"

ती धास्ती पुढे वाढतच गेली. छबी अकरा-बारा वर्षांची झाली. त्या वर्षीही तुळशीराम आला, सोंगं झाली, शेवटच्या दिवशी तोंड धुऊन दारोदार फिरून गेला, आणि रीतीप्रमाणे ते एक दार टाळलं. संध्याकाळी छबी माझ्या मशीनपाशी येऊन बसली. रिळांशी खेळत होती.

"माई, त्यो बहुरूपी आमच्याच दारात का नाही येत?"

मी म्हटलं, "राहून गेलं असेल."

"दर वर्षी राहून जातं? आणि माई, फौजदार असो, नर्स असो, त्यो गल्लीतल्या बठ्ठ्या पोरांकडे पाहतो. पोरांचे गाल ओढतो. माझ्याकडे कधीच पाहत नाही. इतकं न पाहायचं तर सारखं लक्ष ठेवावं लागतं ना?"

मी सुई ओवायला लागले. दोरा काही जाईना. तिने माझ्या हातातून सुई घेतली, ओवली, परत दिली, आणि गेली.

पुढच्या वर्षी पालं पडली, आणि आता जे सांगते ते मला नंतर खुद्द तुळशीरामने सांगितलं. तो सकाळी सोंग रंगवत पालापुढे बसला होता. एक पोरगी टोपली डोक्यावर घेऊन आली. आठवडे बाजारातली मिरचीवाली. पालावरच्या बायकांशी भाव करून करून भांडली, त्यांच्या पालातल्या जुन्या मिरच्यांना नावं ठेवली, आणि गेली. बायका म्हणाल्या, काय जिभेची आहे. दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, एक पाय ओढत कोणीतरी आलं. हो, मीच आले. पालातल्या म्हाताऱ्यांची ब्लाऊजची मापं घेतली आणि म्हणाली, एवढ्या कापडात बाही बसणार नाही. तेव्हा तुळशीरामला कळलं, ही आपली पोर. त्याने आरसा खाली ठेवला. त्या दिवशी तो गावात सोंग घेऊन आलाच नाही. आम्ही म्हटलं आजारी पडला की काय.

तिसऱ्या दिवशी गोदाअक्का आली. म्हणजे छबीच. पदर कपाळापर्यंत, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चढ चढली, आणि तुळशीरामसमोर बसून गोदाअक्काच्या आवाजात म्हणाली, "पोर बरी शे भाऊ. भाकर खास, शाळामा जास. एक ताप येल व्हता गोवरना, निंघी गया. तुमी काळजी करू नका."

बारा वर्षांत त्याला जे कोणी सांगितलं नव्हतं ते त्या एका सोंगाने सांगितलं. गोदाअक्का स्वतः होऊन कधी सांगणार नव्हती आणि त्याला विचारता येणार नव्हतं. तो माणूस मला सांगताना म्हणाला, "माई, मी आयुष्यभर लोकांना हसवलं. पण सोंग पाहून माणसाला काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं."

आणि चौथ्या दिवशी ती तोंड धुऊन गेली. शाळेचा फ्रॉक, तेल लावून वेण्या. म्हणाली, "मिरचीवाली मीच, माई मीच, अक्का मीच. बिदागी द्या."

पालावरची माणसं उभी राहिली. म्हणाली, माग पोरी. नियम तो नियम.

ती म्हणाली, "आमच्या दारात या. असेच. तोंड धुऊन."

ती संध्याकाळ मला काल घडल्यासारखी दिसते. मी ओट्यावर काज करत होते. गोदाअक्का दारात ज्वारी पाखडत होती. नाना नुकता कामावरून येऊन पाय धुत होता. साधा सदरा, साधं धोतर, एक बारीकसा माणूस समोर येऊन उभा राहिला. गोदाअक्काने सूप खाली ठेवलं.

"कोन भाऊ तुमी?"

ज्याच्या गळ्यात चाळीस माणसं होती, त्याला स्वतःचा म्हणून एक आवाज सापडेना. त्याच्या मागून छबी पुढे आली. "त्योच शे माय. फौजदार."

गोदाअक्काने त्याच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला ते नाही सांगत. म्हणाली, "मंग आते लई जाशात का तिले?"

तुळशीराम म्हणाला, "न्यायला नाही आलो अक्का. सगळ्या जन्मात बिदागी मागत फिरलो. आज पहिल्यांदा द्यायला आलो."

नाना पाय धुता धुता थांबला होता. कधी नव्हे ते तोच बोलला. "चहा ठेव गोदा. पाहुना उभा शे."

चहा झाला. आणि मग छबीनेच बाँब टाकला. "माय, मी यांच्यासंगे जाऊ? शाळा उघडेपर्यंत?"

गोदाअक्का आत गेली. मला वाटलं आता कडी लावते. भांड्यांचे आवाज आले, पिठाच्या डब्याचं झाकण पडलं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती भाकरी आणि ठेच्याची शिदोरी घेऊन. छबीच्या हातात दिली आणि म्हणाली, "जा. पन उपाशी राहू नको. आणि केस मोकळे सोडू नको, उवा व्हतीन."

तो उन्हाळा गोदाअक्काने कसा काढला ते मलाच माहीत. स्वयंपाक करायची आणि विसरून जास्तीची भाकरी थापायची. मग ती माझ्याकडे आणायची, "तुमच्या गाईला" म्हणायची. गाईचं पोट सुटलं. मी विचारलं, "येईल ना गं?" तर म्हणायची, "येवो न येवो. तिनं जायला पाहिजे व्हतं. मी तिले दूध पाजलं, दावं थोडी बांधलं." असं म्हणायची आणि गाडीची वेळ झाली की ओट्यावर निवडायला काहीतरी घेऊन बसायची. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची.

शाळा उघडायच्या थोडं आधी छबी आली. एकटी, पिशवी घेऊन, काळी कुळकुळीत. आणि डोक्यात ही उवांची शाळा! गोदाअक्काने तिला ओट्यावर बसवलं, रॉकेल लावलं आणि फणी फिरवायला लागली. मग फणीच्या एका हिसक्यासरशी छबी बोलायला लागली. तिकडे सगळ्यांनी लाड केले म्हणाली. आजीने तिच्या आईची पैंजणं दाखवली. पण त्यांची आपसातली एक बोली आहे, ती तिला येईना. त्यांच्यासारखं उकिडवं बसून तासभर जेवता येईना. कुत्र्यांत झोप लागेना. ती फौजदार झाली, नर्स झाली, जमातीतले म्हातारे वा वा म्हणाले. पण रात्री चुलीपाशी तिची आजी हसत हसत म्हणाली, "ही पोर सगळी सोंगं उतरवते. ते एक गावच्या पोरीचं सोंग तेवढं उतरवतच नाही."

छबी सांगता सांगता रडायला लागली. "इकडे मी बहुरूप्याची. तिकडे मी गावाची. मग मी कोणाचं सोंग शे, माय?"

गोदाअक्काने फणी पुसली. तिचं डोकं आपल्या गुडघ्यांत घट्ट धरलं. म्हणाली, "ते गावच्या पोरीचं सोंग शे ना, ते मी नेसवेल शे. माले आवडस. नको उतारू."

आणि पुन्हा फणी चालू.

मग काय, तुळशीराम दर वर्षी यायचा, त्या दारात सगळ्यात आधी, तोंड धुऊन. चहा प्यायचा आणि नंतर फौजदार व्हायला पालावर जायचा. छबी शिकली. पुढे मुक्या-बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण असतं, ते घेतलं. तिला जळगावला नोकरी लागली, तिथल्याच शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरशी लग्न झालं, मेहरूणकडे बिऱ्हाड केलं. नाना आधी गेला. दोन वर्षांनी गोदाअक्काही गेली. तिच्या कार्याला पुरुषांच्या रांगेत एक बारीकसा म्हातारा बसला होता. नानाच्या भावकीतल्या कोणीतरी विचारलं, आपण कोणाकडचे? तुळशीराम म्हणाला, "मी छबीच्या मायकडचा." आणि जेवायला बसला. त्यानंतर तोही कधी दिसला नाही. गोदाअक्काच्या दाराला कुलूप लागलं.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाला मी जळगावला गेले होते. वेळ काढून छबीच्या शाळेत गेले. वर्ग चालू होता म्हणून खिडकीशी थांबले. आत छबी साडी खोचून पोरांपुढे उभी. तोंडाने बोलणं कमी. आधी ती गाय झाली, मग गाईला पाहून पळणारी बाई झाली, मग त्या बाईचं सांडलेलं दूध झाली. दूध कसं व्हायचं हे मला विचारू नका, पण ती झाली. जमिनीवर पसरत गेली. पोरं हसून हसून बाकांवर हात आपटत होती. एक लहानगी उठली आणि ते दूध ओंजळीत भरून परत हंड्यात घालायला लागली.

सुटल्यावर छबी मला स्टँडवर सोडायला आली. पिंपळनेरची सगळी चौकशी केली. कंडक्टर निवृत्त झाला का, तुमच्या गाईचं काय. गाडी लागली तेव्हा माझी पिशवी वर चढवून दिली आणि खाली उभी राहिली. खिडकीला हात धरून आखाजीचं, आपल्या अक्षय्यतृतीयेचं, काढलं. म्हणाली, "माई, आखाजी आली की आमच्या चाळीतल्या साऱ्या जणींना माहेरून मुऱ्हाळी येतो, न्यायला. भाऊ येतो, नाहीतर बाप. त्या मला विचारतात, तुझा कधी येतो? मी म्हणते, यंदा गाडी चुकली असेल." आणि हसली. आज ती कोणाच्या आवाजात बोलते आहे म्हणून मी पाहत राहिले. कोणाच्याच नव्हती. गाडी निघाली. मी मागे वळून पाहिलं, ती गर्दीत उभी होती, पदराने कपाळ पुसत, दोन्ही बाजूंनी धक्के खात, गाडी वळेपर्यंत हललीच नाही.

छबी, माझे गुडघे आता तुला न्यायला यायचे राहिले नाहीत, आणि माझी मुलं आपल्या कामात. तेव्हा हे लिहिलेलं तुझ्या हातात पडेल तेव्हा हाच मुऱ्हाळी समज. चाळीतल्या बायकांना वाचून दाखव. मागच्या अंगणातल्या लिंबाला मी झोका बांधायला सांगितला आहे, आंबे उतरवून ठेवले आहेत, सांजोऱ्यांचा रवा भाजून झाला आहे. मास्तरांना घेऊन ये, एकटी ये, कशीही ये. पण आखाजीच्या दिवशी येऊन लगेच पळू नकोस, आधी ये. लवकर ये गं पोरी.